चेल्लप्पनबद्दलचा अभिप्राय

वेळ्ळारंकुन्न, जि. कण्णूर
१७ जुलै

आदरणीय चात्तुक्कुट्टी मास्तर,

शिजिनाचा नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, असं तुमच्या मुलीने, बीनाचेच्चीने वाचनालयात कळवलं. म्हैसूरच्या हवेत बरं वाटत असेल. मी तीनदा फोन केला. दर वेळी रोहिणी टीचरांनी उचलला आणि तुम्ही झोपला आहात म्हणून सांगितलं. एकदा तर दुपारचे चार वाजले होते. म्हणून हे पत्र. शिवाय तुमचाच नियम आहे की फोनवरचं बोलणं इतिवृत्ताच्या वहीत चिकटवता येत नाही.

मास्तर, मी अडचणीत आहे. यंदा वाचनालयाला साठ वर्षं होतात. ओणमच्या दुसऱ्या दिवशी, तीस ऑगस्टला, तुमचं अध्यक्षीय भाषण आणि त्यानंतर सिनेमा असं ठरलंय. सिनेमा पवित्रेट्टननी आणलाय. 'आपण कार्यकारिणीत सेक्रेटरी कशाला झालो मग,' असं म्हणून त्यांनी थेट निर्मात्याची परवानगी मिळवली. प्रश्न आला अभिप्रायाचा. इतकी वर्षं 'कुटुंबासह पाहण्यास योग्य' हा कागद तुम्ही लिहून फलकावर लावत होतात. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग पवित्रेट्टन म्हणाले, "शिजिना लिहील की. बी.ए. झालीये ना!" कोणी हसलं, कोणी मान हलवली, आणि ठराव मंजूर झाला.

घरी आईवडिलांना सांगितलं तर अम्मा विड्या वळता वळता म्हणाली, "तीन वर्षं शिकवलं ते टीव्ही बघायला होय?" अच्छन चिऱ्याच्या खाणीवरून आले होते. ते म्हणाले, "असू दे गं. आपल्या घरातल्या कुणाची सही आजवर फलकावर लागलीये?" तेव्हापासून मला झोप नीट येत नाही.

सिनेमा असा आहे. कौलांच्या कारखानदाराच्या घरी कामाला एक जुना, दुसऱ्यांनी वापरलेला रोबोट आणतात. त्याचं नाव चेल्लप्पन. त्याची स्मृती लहान आहे. ती भरली की सगळं पुसलं जातं आणि तो समोरच्याला पुन्हा म्हणतो, "नमस्कार. मी चेल्लप्पन. आपली ओळख नाही. चहा झाला का?" सगळा विनोद यावरच. शिवाय एका प्रसंगात तो ताडीच्या दुकानात शिरतो, आणि एकदा चुकून बायकांच्या तळ्यावर पोचतो. मी एकटीने पाहिला. हसले. मग कशाला हसले, असा विचार करत बसले. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की हसणं नेहमी कुणावर तरी असतं. यंत्रावर हसलं तर कुणाला लागत नाही, हे खरं ना? की नाही?

कृपया अभिप्राय कसा लिहायचा ते कळवा.

आपली,
शिजिना

*

म्हैसूर
२५ जुलै

चि. शिजिना,

(मजकूर मास्तरांचा, अक्षर माझं. डोळ्याला पट्टी आहे. – रोहिणी)

तुझं पत्र टीचरने दोनदा वाचून दाखवलं. समितीने योग्य माणूस निवडला. बी.ए.चा इथे काही संबंध नाही. तुला झोप येत नाही, हा संबंध आहे.

आता पद्धत ऐक. एकटीने सिनेमा पाहून अभिप्राय लिहिणं म्हणजे एकटीने जेवून पंगतीला दाखला देणं. तीन पिढ्या असलेलं एक घर निवड. तुझंच चालेल. सगळ्यांना टीव्हीसमोर बसव आणि तू पडद्याकडे पाठ करून बस. तुला सिनेमा बघायचा नाहीये, बघणारी माणसं बघायचीयेत. कोण मान खाली घालतं, कोण उगाच मोठ्याने हसतं, ते लिही. मुख्य म्हणजे कोण उठून पाणी प्यायला जातं, ते बघ. घरात बसलेला माणूस लाजला की त्याला तहान लागते.

हे मी ठेच खाऊन शिकलो. पहिल्याच वर्षी मी एकटा सिनेमा बघून 'योग्य' असा कागद लावला. हॉल भरला. मध्यंतराच्या आधी एका गाण्याला माझ्या सासूबाई उठल्या आणि बाहेर गेल्या. त्यांच्यामागून चौदा बायका उठल्या. गाणं संपेपर्यंत हॉलमध्ये पुरुष आणि कुत्रं एवढेच उरले.

(माझी आई लाजून उठली नव्हती. तिला पान थुंकायचं होतं. बाकीच्या तिला सोबत म्हणून गेल्या. हे मी मास्तरांना पंचवीस वर्षं सांगतेय. – रो.)

निरीक्षणं सविस्तर कळव. ताडी आणि तळं यांना घाबरू नकोस.

– चात्तुक्कुट्टी

*

वेळ्ळारंकुन्न
२ ऑगस्ट

आदरणीय मास्तर,

तुम्ही सांगितलं तसं रविवारी दुपारी केलं. अच्छन, अम्मा, अच्छनची आई म्हणजे आमची अच्छम्मा, आणि धाकटी अनुश्री. मी टीव्हीला पाठ लावून वही घेऊन बसले. अम्मा म्हणाली, "अशी काय बसलीस आमच्याकडे टक लावून? जनगणना आलीये का?" दहा मिनिटांनी मात्र सगळे मला विसरले.

ताडीच्या दुकानात चेल्लप्पन शिरला तेव्हा अच्छननी जमिनीकडे पाहिलं. मग अम्मा त्यांच्याकडे बघून म्हणाली, "यंत्र असून घरी वेळेवर गेला बघा." तेव्हा ते हसले. तळ्याच्या प्रसंगाला अम्माने अनुश्रीला डोळे मिटायला लावले, तिने बोटांच्या फटीतून पाहिलं. अच्छम्मा म्हणाली, "काय दाखवतायत एवढं? आमच्या वेळी अख्खा गाव तळ्यावरच आंघोळ करायचा." कुणीही उठलं नाही.

सगळ्यात जास्त हसू आलं ते लग्नाच्या पंगतीत. चेल्लप्पन पायसम वाढत असतो. नवऱ्याच्या मामाला एकदा वाढतो, चार पावलं जातो, परत येतो. "नमस्कार. मी चेल्लप्पन. आपली ओळख नाही. पायसम?" असं सात वेळा. मामाला नाही म्हणता येत नाही, कारण व्याही समोर बसलेत. अच्छम्मा इतकी हसली की तिची कवळी हातात आली. अच्छन चटईवर आडवे झाले. मी इतक्या वर्षांत आमच्या घराला असं एकत्र हसताना पाहिलं नव्हतं. वही बाजूला ठेवून मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

म्हणजे तुमच्या पद्धतीने सिनेमा पास झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अच्छम्माने चष्मा कुठे ठेवला म्हणून दोनदा विचारलं, तर अनुश्री म्हणाली, "नमस्कार, मी चेल्लप्पन!" अम्माने तिला धपाटा घातला.  अच्छम्माने चष्मा शोधणंच सोडून दिलं. हे अभिप्रायात लिहायचं का? सिनेमा संपल्यानंतरचं मोजायचं असतं का? मला काही कळेनासं झालंय.

आपली,
शिजिना

*

म्हैसूर
८ ऑगस्ट

चि. शिजिना,

तुझं पत्र ऐकून फार हसलो. सात वेळा पायसम! टीचरला तो भाग पुन्हा वाचायला लावला. सिनेमा दाखवावा. अच्छम्माची कवळी हातात येते, याहून मोठा दाखला कुठला?

पण एक लक्षात ठेव. अभिप्राय एकटीने पाहून लिहायचा नसतो. तीन पिढ्या असलेलं घर निवड. पडद्याकडे पाठ करून बस. कोण पाणी प्यायला उठतं ते बघ. पहिल्याच वर्षी मी चुकलो होतो. एका गाण्याला माझ्या सासूबाई उठल्या आणि त्यांच्यामागून चौदा बायका. हॉलमध्ये पुरुष आणि कुत्रं एवढेच उरले.

यंदा अभिप्राय कोण लिहिणार आहे, तेही समितीने ठरवून कळवावं.

– चात्तुक्कुट्टी

माझं मत विचारशील तर हा सिनेमा नको. अजून तीन आठवडे आहेत. दुसरा एखादा बघा. – रोहिणी

*

म्हैसूर
१० ऑगस्ट

चि. शिजिना,

रोबोटच्या सिनेमाबद्दल तुझं पत्र मिळालं. असा सिनेमा वाचनालयाने दाखवू नये. यंत्र ताडी पितं हे मुलांनी बघावं का? बायकांच्या तळ्यावरचे प्रसंग आपल्या हॉलमध्ये? साठ वर्षांत झालं नाही. नकार कळवावा.

– चात्तुक्कुट्टी

*

वेळ्ळारंकुन्न
१४ ऑगस्ट

आदरणीय रोहिणी टीचर,

हे पत्र मास्तरांना वाचून दाखवू नका, एवढी विनंती. ते तुम्हालाच आहे. लिहायला जड जातंय, पण न लिहिणं अप्रामाणिक होईल.

दोन दिवसांच्या अंतराने मला दोन पत्रं आली. एकात मास्तर म्हणतात दाखवा, दुसऱ्यात म्हणतात दाखवू नका. अक्षर दोन्हींत तुमचं. मधे तुमची तळटीप आहे की सिनेमा नको. पहिल्या पत्रातला अर्धा मजकूर जुलैच्या पत्रातला आहे, सासूबाईंसकट. मास्तर असं कशाला सांगतील? त्यांनी आम्हाला शाळेत शिकवलंय. तेच वाक्य निबंधात दुसऱ्यांदा आलं तर ते लाल शाईने खोडायचे. मला असं वाटतं की त्यांनी थोडंच सांगितलं आणि कागद भरायला तुम्ही जुनं उतरवलंत. आणि दहा तारखेचं पत्र त्यांचं नाहीच. 'ताडी आणि तळं यांना घाबरू नकोस' असं लिहिणारा माणूस पंधरा दिवसांत ताडी आणि तळ्याला घाबरेल?

टीचर, तुम्ही चौथीत आम्हाला शिकवलं होतं की दुसऱ्याच्या नावावर आपलं मत घालणं ही चोरी आहे. तुम्हाला सिनेमा आवडला नसेल तर तुमच्या नावाने लिहा, मी तेही वहीत चिकटवीन. पण मास्तरांचा आवाज तुमच्या अक्षरात हरवू देऊ नका. ते त्यांचं वाचनालय आहे. फोनवर ते नेहमी झोपलेलेच का असतात?

रागावलात तर समजू शकेन.

शिजिना

*

म्हैसूर
१८ ऑगस्ट

प्रिय शिजिना,

रागावले नाही. चौथीतलं तुझ्या लक्षात आहे हे पाहून, खरं सांगते, बरं वाटलं. 

मी एकही वाक्य माझ्या मनाचं लिहिलेलं नाही. दोन्ही पत्रं मास्तरांचीच आहेत. तुझं एकच पत्र त्यांनी पाच वेळा वाचायला लावलं, आणि पाचही वेळा त्यांनी ते पहिल्यांदाच आल्यासारखं ऐकलं. एका सकाळी ऐकून पोट धरून हसले आणि म्हणाले, दाखवा. तिसऱ्या दिवशी ऐकून चिडले आणि म्हणाले, दाखवू नका. मी काय करू? जे सांगितलं ते लिहिलं आणि टाकलं. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, नवऱ्याच्या वहीवर लाल रेघ ओढायला हात धजावला नाही.

डोळ्याचं ऑपरेशन खरं आहे. पण त्याच्यासाठी दोन महिने कुणी म्हैसूरला राहत नाही. इथे दुसरे डॉक्टर आहेत. दीड वर्षापासून हे चाललंय. गावात असताना मी झाकत आले. ते बोलायला लागले की मी मधे बोलायचे. लोक म्हणायचे, टीचर नवऱ्याला बोलू देत नाही. म्हणोत.

आता सिनेमा नको का म्हणते ते तुला कळलं असेल. आपल्या गावाची खोड तुला ठाऊक आहे. एकदा नाव पडलं की ते चितेपर्यंत सुटत नाही. कुमारन एकदा माडावरून घसरला, तर त्याच्या नातवालासुद्धा 'घसरगुंडी'च म्हणतात. तीस तारखेला मास्तर पहिल्या रांगेत बसणार. हॉलभर लोक चेल्लप्पनला हसणार. त्यानंतर चहाच्या टपरीवर ते कुणाला तरी दुसऱ्यांदा विचारणार, "तू कुणाचा रे?" मग किती वेळ लागेल? तुझ्या अनुश्रीला एक रात्र लागली.

ज्या माणसाने अर्ध्या गावाला अक्षर शिकवलं त्याचं नाव चेल्लप्पन पडायला नको, एवढंच मला हवंय. हे पत्र वहीत चिकटवू नकोस. कुणाला सांगूही नकोस.

रोहिणी

*

वेळ्ळारंकुन्न
२१ ऑगस्ट (स्पीड पोस्टाने)

आदरणीय टीचर,

काय तोंडाने लिहू? मी तुम्हाला चोर म्हणाले. तुमचं पत्र वाचलं आणि वाचनालयाच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसले. माझी मागची दोन्ही पत्रं मी आठवली. सात वेळा पायसम काय, कवळी काय, मी किती रंगवून लिहिलं होतं! आणि ते तुम्हाला मोठ्याने वाचावं लागलं, पाच वेळा.

मी पवित्रेट्टनना सांगितलं की हा सिनेमा नको. ते म्हणाले, "कारण?" मी म्हणाले, ताडी. ते म्हणाले, "ताडीवर बंदी घातली तर हॉलमध्ये मी आणि तू दोघंच बसू." मी म्हणाले, तळं. ते म्हणाले, "तुझी अच्छम्मा गावभर सांगत फिरतेय की तळ्यात काहीच नव्हतं." मग हात जोडून म्हणाले, "शिजिना, तू आमच्यात पहिली मुलगी आहेस सही करणारी. नाकारायचं तर नाकार. पण कारण लिही, मी फलकावर लावतो. मास्तरांची पद्धतच आहे ती."

टीचर, खरं कारण मला लिहिता येत नाही आणि खोटं लिहिलं तर ज्यांनी ही पद्धत घातली त्यांचाच अपमान. मी कागद घेऊन रोज बसते. 'योग्य' लिहिलं की तुमचा चेहरा दिसतो, 'अयोग्य' लिहिलं की चटईवर आडवे झालेले अच्छन दिसतात. खाणीत काम करून आलेल्या माणसाचं ते हसणं मी कोणत्या तोंडाने अयोग्य म्हणू?

काल वाटलं, सिनेमा चांगला आणि आमचं गाव वाईट. आज वाटतं, गाव चांगलं आणि सिनेमा वाईट. उद्या काय वाटेल देव जाणे. तुम्ही म्हणाल तसं करते. फक्त सांगा.

शिजिना

*

(कॅलेंडरच्या उलट्या बाजूला, वाकड्या ओळींत)

म्हैसूर
२४ ऑगस्ट

वर लिहून ठेवतो: हे पत्र शिजिनाला आहे. खाणीवरच्या भास्करनची मोठी मुलगी. अभिप्राय तीच लिहिते आहे.

चि. शिजिना,

पट्टी निघाली. टीचर देवळात गेलीये, तेवढ्यात लिहून शेजाऱ्याकरवी टाकतो. तुझी पत्रं तिच्या उशीखाली सापडली. लपवायच्या जागा चव्वेचाळीस वर्षांत तिने बदलल्या नाहीत.

तिला वाटतं मला कळलेलं नाही. मला कळतं मोळे, माझ्या पोरी. अडचण एवढीच की सकाळी कळलेलं दुपारी पुन्हा कळतं, आणि दर वेळी पहिल्याइतकंच लागतं.

काल बीनाकडून तो सिनेमा लावून घेतला. मी, टीचर, बीना, जावई आणि नातू. पंगतीच्या प्रसंगाला मला हसू आवरेना. टीचर उठून पाणी प्यायला गेली. परत आल्यावर विचारलं, "का उठलीस?" म्हणाली, "तहान लागली." तिला तहान कधी लागते आणि कधी लागत नाही, ते मला अजून तरी माहीत आहे. तेव्हा कळलं की माझ्या पद्धतीत एक कलम राहून गेलंय. कोण उठलं ते बघायचं, एवढंच मी शिकवलं. उठलेल्याला जाऊन कधी विचारलं नाही. सासूबाईंनाही नाही. (त्यांना पान थुंकायचं होतं असं टीचर म्हणते. कदाचित असेल.)

सिनेमा दाखवा. माझ्यामुळे गावाचं हसू थांबलं तर ते मला जास्त लागेल. राहिला प्रश्न नावाचा. आपल्याकडे नाव पाठीमागून पडतं म्हणून टोचतं. मी ते समोरून घेईन. भाषणात मीच सांगणार आहे. पण सांगायचं विसरलो तर पुढचा मजकूर तू माइकवर वाचून दाखव. ही परवानगी लेखी आहे, वहीत चिकटवता येईल.

"माणसांनो, माझी आठवण आता चेल्लप्पनच्या मापाची झाली आहे. मी तुम्हाला तेच पुन्हा विचारलं तर पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्या. हसू आलं तर हसा. पण घरी जाऊन हसू नका. माझ्यासमोर हसा, म्हणजे मलाही हसता येईल. आणि टीचरला मधे मधे बोलू द्या. ती मला अडवत नाही, सावरते आहे."

सही जमेल तशी करतो.

चात्तुक्कुट्टी

*

वेळ्ळारंकुन्न
१२ सप्टेंबर

प्रिय टीचर,

तुम्ही दोघं म्हैसूरला सुखरूप पोचलात हे बीनाचेच्चीकडून कळलं. तीस तारखेनंतर आपलं नीट बोलणं झालंच नाही. तुम्ही गाडीत बसताना माझा हात धरलात आणि सोडलात. त्याचा अर्थ काय, हे मी तेव्हापासून शोधतेय.

मी जे केलं ते बरोबर होतं का, हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून लिहितेय. मास्तरांचं 'दाखवा' असं पत्र आलं, तुमच्याकडून उत्तर आलं नाही, म्हणून मी सिनेमा थांबवला नाही.

भाषण किती सुंदर झालं! साठ वर्षांपूर्वी अकरा पुस्तकं आणि एक कंदील घेऊन वाचनालय कसं सुरू झालं, ते मास्तरांनी एकही नाव न चुकता सांगितलं. मी वाट बघत होते. आता सांगतील, आता सांगतील. त्यांनी 'सगळ्यांना ओणमच्या शुभेच्छा' म्हटलं आणि खाली बसले. पत्र माझ्या पर्समध्ये होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतात. तुम्हाला त्या पत्राबद्दल काही ठाऊकच नाही, हे मला त्याच क्षणी कळलं. मग मी कुणाला विचारणार? मास्तरांना विचारायचं तर त्यांना पुन्हा सगळं सांगावं लागलं असतं, हॉलभर माणसांसमोर.

पवित्रेट्टन माइकवर म्हणत होते, "दोन मिनिटांत सिनेमा सुरू होईल." प्रोजेक्टर लागत नव्हता. त्यांनी तेच तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणण्याआधी मी माइक घेतला आणि वाचलं. तुम्ही ऐकलंतच.

वाचून खाली आले तर मास्तर माझ्याकडे वाकून म्हणाले, "कुणाचं पत्र गं? मजकूर नेटका आहे." मी म्हणाले, "एका जुन्या वाचकाचं." ते म्हणाले, "त्याला सभासद करून घ्या."

टीचर, ते वाक्य मला रोज ऐकू येतं. त्यांची इच्छा मी पुरी केली की त्यांच्या हातातलं काढून घेतलं? ज्या दिवशी त्यांनी लिहिलं त्या दिवशीचं मी ऐकायचं, की ज्या दिवशी ते समोर बसले होते त्या दिवशीचं?

सिनेमा लागला. मी सवयीने पडद्याकडे पाठ करून बसले. अडीचशे माणसं दगडासारखी बसली होती. ताडीला कुणी हसलं नाही, तळ्याला नाही. पंगत आली. पहिलं पायसम, दुसरं, तिसरं. सगळे मास्तरांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघतायत. चौथ्या पायसमला मास्तर एकटेच मोठ्याने हसले. मांडीवर थाप मारली. मग मागे वळून चिडून म्हणाले, "काय रे, सगळ्यांनी मौनव्रत घेतलंय काय? चौथीच्या वर्गात तर गप्प बसत नव्हतात!" पहिली आमची अच्छम्मा हसली. मग अच्छन. मग सगळा हॉल. त्यात किती जण रडत होते हेही मला सांगता येणार नाही. तुम्ही हसलात का, ते मी पाहिलं नाही. नेमकं तेव्हाच मी मान खाली घातली होती. निरीक्षक म्हणून मी नापास.

नावाचं तुम्हाला कळवायचं होतं. नाव पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. पण ते पवित्रेट्टनना पडलं, कारण 'दोन मिनिटांत सुरू होईल' असं ते तीनदा म्हणाले. आता गावात त्यांना चेल्लप्पन सेक्रेटरी म्हणतात. ते दोन दिवस रुसले होते. काल मी विचारलं तर म्हणाले, "असू दे. कुणाला तरी पडणारच होतं. माझ्यावर बरं बसतं."

मास्तरांबद्दल टपरीवर कुणी बोलत नाही. चांगुलपणाने गप्प आहेत की घरी जाऊन हसतात, मला माहीत नाही. पण म्हैसूरला निघायच्या सकाळी मास्तरांनी कुमारनच्या नातवाला विचारलं, "तू कुणाचा रे?" तो म्हणाला, "कुमारनचा नातू." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तो तितक्याच आदराने म्हणाला, "कुमारनचा नातू, मास्तर. घसरगुंडी." दोघंही हसले. मी बघितलं.

राहता राहिला अभिप्राय. सिनेमा होऊन गेला आणि कागद कोराच होता. अशी वेळ आजवर कधी आली नव्हती. परवा समितीत मी तो लिहून दिला. मजकूर असा:

'हा सिनेमा कुटुंबासह पाहण्यास योग्य आहे की नाही, हे मला ठरवता आलं नाही. आम्ही तो कुटुंबासह पाहिला.'

पवित्रेट्टन म्हणाले, "हा काय अभिप्राय झाला?" पण डिंक लावून त्यांनीच तो वहीत चिकटवला.

खाली दुसऱ्या सहीची जागा रिकामी आहे. नियमाप्रमाणे ती पाहताना हजर असलेल्या कुटुंबातल्या एकाची हवी. अम्मा म्हणाली, मी करते. मी नको म्हणाले. मी वेगळी प्रत काढून सोबत पाठवतेय. तुम्हाला मजकूर पटला तर सही करा. पटला नाही तर खोडा, लाल शाईने, आणि तुमच्या नावाने तुमचं लिहा. यंदा मी तेच चिकटवीन.

तुमची,
शिजिना